पाऊल उचलत नाही आणि सगळे म्हणतात, ‘येईल हळूहळू’

सांगली जिल्ह्यातल्या एका आईचं पत्र आलंय. पत्र लांब आहे, त्यातला मोजका भाग इथे देते.

“माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. पावसाळ्यात ताप आणि उलट्यांचं निमित्त झालं आणि दोन दिवसांत हृदयाला सूज आली म्हणून पुण्याला हलवलं. महिनाभर दवाखान्यात होती, त्यातले आठ दिवस एक्मोच्या यंत्रावर. उजव्या जांघेत नळ्या होत्या. दुसऱ्या दिवशी पाऊल गार आणि निळसर पडलं, म्हणून आणखी एक बारीक नळी घातली. पोरगी वाचली, हृदयही सुधारलंय म्हणतात. पण उजवं पाऊल वर उचलतच नाही. चालताना गुडघा उंच घेते आणि पाऊल फटकन आपटतं. गुडघा सरळ करता येतो, चवड्यावरही उभी राहते. रात्री पाय जळतो म्हणून रडते. डिस्चार्जच्या वेळी ‘नस दबली आहे, येईल हळूहळू’ एवढंच सांगितलं. घरी येऊन अडीच महिने झाले. सासूबाई म्हणतात, शेजारच्या गावात नस बसवणारा आहे, त्याच्याकडे नेऊ. हे म्हणतात, नळी घालताना नस कापली, केस करायची. फॉर्मवर मी न वाचता सही केली होती, ते मनातून जात नाही. कुणाचं ऐकू?”

ताई, सासूबाईंच्या हाती तेलाची वाटी द्या, नवऱ्याला दवाखान्याची फाईल आणायला पाठवा आणि डॉक्टरांच्या ‘हळूहळू’ला तारीख लावा. त्यातलं तारखेचं काम या आठवड्यातच करायचं आहे, म्हणून आधी तेच सांगते.

तुम्ही घरी आल्यापासून अडीच महिने मोजताय. पण नसेला इजा झाली ती दवाखान्यात, मुलगी बेशुद्धीच्या औषधांवर होती तेव्हा. ते दिवस धरले तर साडेतीन महिने होत आले. ‘नस दबली’ हे निदान अर्धंच आहे. नस म्हणजे इथे संदेश नेणारा मज्जातंतू, रक्तवाहिनी नव्हे. नसेची इजा तीन पायऱ्यांची असते. सेडन नावाच्या ब्रिटिश सर्जननी १९४३ मध्ये केलेली ही विभागणी आजही आम्ही वापरतो. पहिल्या पायरीत नस शाबूत असते, फक्त तिच्यातून संदेश जायचा थांबलेला असतो. ही इजा काही दिवसांत किंवा आठवड्यांत, फार तर तीनेक महिन्यांत आपोआप भरून येते. दुसऱ्या पायरीत आतले तंतू तुटतात, पण वरचं आवरण टिकून राहतं आणि त्या आवरणातून तंतू नव्याने वाढत खाली येतात. हा वेग दिवसाला साधारण एक मिलिमीटर, म्हणजे महिन्याला जेमतेम एक इंच. मुलांमध्ये थोडा जास्त असू शकतो. तिसऱ्या पायरीत नसच तुटलेली असते किंवा आत इतका व्रण झालेला असतो की तंतूंना पुढे वाटच मिळत नाही. ही इजा वाट बघून भरून येत नाही.

तुमच्या मुलीची पायरी कोणती, हे मला पत्रावरून सांगता येणार नाही. पण साडेतीन महिन्यांत पावलाची जराही हालचाल परतली नसेल, तर पहिली पायरी असण्याची शक्यता बरीच कमी झाली आहे आणि नुसतं ‘येईल’ म्हणून बसण्याचे दिवस संपलेत. नसेतून संदेश नीट जातो का ते बघणारी एनसीव्ही आणि स्नायू तपासणारी ईएमजी अशा दोन तपासण्या असतात, बहुतेक ठिकाणी एकाच बैठकीत होतात. इजेनंतर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत केल्या तर त्या नीट काही सांगत नाहीत, त्यामुळे दवाखान्यात केल्या नसतील तर त्यात फारसं वावगं नाही. आता मात्र त्यांची वेळ आली आहे. सांगली, मिरज, कोल्हापूर इथे मेंदूविकार तज्ज्ञांकडे त्या होतात. मुलांचे मेंदूविकार तज्ज्ञ जवळपास असतील तर उत्तमच.

मुलीला मात्र “काही होणार नाही” असं सांगून नेऊ नका. एनसीव्हीत बारीक शॉक बसतात आणि ईएमजीत स्नायूत सुई टोचतात. तिने महिनाभर दवाखाना भोगलाय. खोटं बोलून नेलंत तर पुढच्या वेळी ती दवाखान्याची पायरी चढणार नाही. “दुखेल, पण आपण मध्ये थांबायला सांगू शकतो” असं सांगा, आणि ती थांबा म्हणाली की खरंच थांबवा.

आता तुमच्या यजमानांचं म्हणणं बघू, म्हणजे नळी घालताना नस कापली हे. एक्मो म्हणजे हृदय आणि फुप्फुसांचं काम काही दिवस शरीराबाहेर करणारं यंत्र. शिरेतून काळसर रक्त बाहेर येतं, पडद्याच्या कृत्रिम फुप्फुसातून ऑक्सिजन घेऊन धमनीतून परत आत जातं. कोविडच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ मध्ये, हे नाव आपल्याकडे घरोघरी पोचलं. तरी हे यंत्र आधी रुळलं ते बाळांमध्ये. १९७५ साली कॅलिफोर्नियात डॉ. रॉबर्ट बार्टलेट यांनी एका नवजात मुलीला त्यावर ठेवून वाचवलं, आणि तिथून ते जगभर पसरलं. लहान बाळांना या नळ्या मानेतून घालतात. तुमच्या मुलीएवढ्या मुलांच्या जांघेतल्या रक्तवाहिन्या पुरेशा रुंद झालेल्या असतात, म्हणून तिथून घालतात.

जांघेत बाहेरून आत येताना आधी नस, मग धमनी, मग शीर अशी रांग असते. म्हणजे नळी जाते तिथे शेजारी नस असते हे खरंच आहे, आणि क्वचित तिला इजा होतेही. कधी थेट, तर कधी रक्त पातळ करणाऱ्या औषधामुळे आत साचलेल्या रक्ताच्या दाबाने. पण ती नस मांडीच्या पुढच्या स्नायूची. तिला इजा झाली तर गुडघा सरळ होत नाही आणि जिना उतरताना पाय दगा देतो. तुम्हीच लिहिलंय की गुडघा सरळ होतो. पाऊल उचलणारी नस तिथून जातच नाही. ती कमरेतून मांडीच्या मागच्या बाजूने उतरते, गुडघ्याच्या मागून बाहेर येते आणि नडगीच्या बाहेरच्या बारीक हाडाला वळसा घालून पुढे जाते. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, जरा खाली, एक टणक उंचवटा लागतो. तिथे बोट फिरवून बघा. त्याच्याखाली ही नस कातडी आणि हाड यांच्यामध्ये असते, वर मांसाची गादी नाही. जांघेतल्या नळीने ती कापली जाणं शक्य नाही.

मग झालं काय असेल? दोन शक्यता आहेत, आणि दोन्ही एक्मोवरच्या मुलांमध्ये घडतात.

पहिली म्हणजे दाब. गाढ झोपेच्या आणि स्नायू सैल करणाऱ्या औषधांवर असलेल्या मुलाचा पाय बाहेरच्या बाजूला कलंडतो आणि तो उंचवटा गादीवर, उशीच्या कडेवर नाहीतर एखाद्या पट्ट्यावर टेकून राहतो. जागं मूल दुखलं की पाय हलवतं. हिला ते शक्य नव्हतं. त्यातच आजारपणात अंग उतरलं की त्या नसेभोवतीची उरलीसुरली चरबीही जाते.

दुसरी म्हणजे रक्त कमी पडणं. मोठ्या धमनीत जाड नळी बसली की तिच्या खाली पायाला रक्त कमी पोचतं. म्हणूनच दुसऱ्या दिवशी बारीक नळी घातली, ती खालच्या पायाकडे रक्त पाठवण्यासाठी होती. कातडी जितका वेळ रक्ताविना तग धरते तितका नस आणि स्नायू धरत नाहीत. शिवाय रक्त परत सुरू झालं की स्नायू सुजतात, आणि नडगीच्या पुढचे स्नायू इतक्या घट्ट कप्प्यात असतात की सूज आतल्या आत दाबत राहते. तो दाब फार वाढला तर कप्पा कापून मोकळा करावा लागतो. नडगीवर लांब टाक्यांचा व्रण नसेल, तर तशी वेळ आली नसावी.

यातली कुठली, याचा अंदाज तुम्हाला घरी घेता येईल. तिला पलंगाच्या कडेवर पाय सोडून बसवा. पाऊल वर उचलायला सांगा. ते होत नाही, हे माहीतच आहे. मग तळवा बाहेरच्या बाजूला वळवायला सांगा, मग आतल्या बाजूला. पाऊल वर उचलत नाही आणि बाहेरही वळत नाही, पण आत वळतं आणि चवड्यावर उभं राहता येतं, असं असेल तर दुखणं बहुधा त्या उंचवट्यापाशी आहे. बाहेर नीट वळत असेल, आणि सुन्नपणा फक्त अंगठा व शेजारच्या बोटाच्या बेचक्यात असेल, तर नडगीच्या कप्प्याचा संशय जास्त. आत वळवणंही कमजोर असेल आणि तळव्यालाही नीट कळत नसेल, तर इजा वर आहे किंवा सगळ्या पायालाच रक्त कमी पडलं होतं. जे दिसेल ते तारखेसह वहीत लिहा आणि तपासणीला जाताना वही बरोबर न्या. डॉक्टर स्वतः परत तपासतीलच, पण आधी काय होतं हे कळायला तुमच्या वहीशिवाय दुसरं साधन नसतं.

कप्प्यातला स्नायूच रक्ताविना मेला असेल तर गोष्ट वेगळी होते. मग नस परत येऊनही हलवायला काही उरत नाही. ईएमजीत आणि गरज पडली तर एमआरआयमध्ये ते कळतं. म्हणूनही तपासणी आत्ताच हवी.

आता तारखा. आत्ता एकदा तपासणी. त्यात नवे तंतू स्नायूपर्यंत येत असल्याच्या खुणा दिसल्या तर वाट बघणं रास्त आहे, आणि दोन-तीन महिन्यांनी परत बघायचं. इजा उंचवट्यापाशी असेल तर आधी पाऊल वर उचलणारा मोठा स्नायू हलू लागतो, अंगठा उचलणारा त्याच्या बराच नंतर, कारण तिथपर्यंतचं अंतर जास्त. एकाही खुणेचा पत्ता नसेल, तर ‘आणखी सहा महिने बघू’ हे उत्तर घेऊन घरी येऊ नका. नसांची शस्त्रक्रिया करणाऱ्या प्लास्टिक किंवा हाताच्या सर्जनकडे चिठ्ठी मागा. हाताचे सर्जन पायाच्या नसेसाठी कशाला, असं वाटेल, पण नस जोडण्याचं बारीक काम बहुतेक ठिकाणी तेच करतात. नस उघडून बघणं, तिच्याभोवतीचा व्रण सोडवणं, मध्ये तुकडा गेलेला असेल तर पोटरीच्या मागची कमी महत्त्वाची नस काढून तिथे जोडणं, हे सगळं इजेनंतर सहा महिन्यांच्या आसपास झालं तर उपयोगाचं ठरतं. स्नायू वर्ष-दीड वर्ष नसेविना राहिला की तो हळूहळू चिवट होत जातो, आणि मग नस पोचली तरी तो हलत नाही. या तारखा तुम्हाला डिस्चार्ज कार्डावर लिहून मिळायला हव्या होत्या. आयसीयूतून मूल वाचवून घरी पाठवताना आपल्याकडचे दवाखाने हा कागद देत नाहीत, याचा मला दर वेळी राग येतो.

घरी काय करायचं ते आता. नस वाढवणारं औषध आज कुणाकडे नाही. बी-ट्वेल्व्हच्या गोळ्या तुम्हाला मिळाल्याच असतील. रक्तात ते कमी असेल तर जरूर द्या (शाकाहारी घरांत ते बऱ्याचदा कमीच निघतं), पण त्या गोळ्यांनी पाऊल उचलेल अशा आशेवर राहू नका. तुमच्या हातात आहे ते एवढंच, की नस खाली पोचेल तेव्हा पाऊल तिच्या उपयोगाचं राहिलेलं असावं. पाऊल सतत खाली लोंबत राहिलं की टाचेची जाड दोरी आखडते. ती पक्की आखडली तर नस येऊनही टाच टेकत नाही, आणि मग नसेऐवजी टाचेचं ऑपरेशन करावं लागतं.

सकाळ-संध्याकाळ तिला पाय लांब करून बसवा, गुडघा सरळ ठेवा. चवड्याला पंचा अडकवून दोन्ही टोकं तिच्याच हातात द्या आणि पाऊल स्वतःकडे ओढू द्या. सावकाश तीसपर्यंत मोजायचं, सोडायचं, परत ओढायचं. झटके नकोत. झोपताना गोधडीचं वजन पावलांवर पडू देऊ नका. पायथ्याशी उशी उभी करून तिच्यावरून गोधडी सोडा. बाकीचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. रोज नेणं परवडत नसेल तर पंधरा दिवसांतून एकदा जाऊन शिका आणि घरी करा. करंटच्या मशीनवर महिनोन्महिने पैसे घालवू नका, त्याच्या फायद्याचा पुरावा डळमळीत आहे. तेच पैसे स्प्लिंटवर खर्च करा.

स्प्लिंट म्हणजे एएफओ, पोटरीच्या मागून तळव्याखाली जाणारं प्लास्टिक. हे माप घेऊन करून घ्यायचं. मेडिकलच्या दुकानात तयार मिळतं ते दोन-चार दिवसांपुरतं ठीक. त्याची वरची पट्टी त्या उंचवट्यावर येता कामा नये, नाहीतर दबलेली नस आपणच परत दाबू. आत मोजा हवाच. काढल्यावर कातडीवर लाली अर्ध्या तासानंतरही राहिली तर स्प्लिंट टोचतंय, बदलून घ्या. मूल वाढतं आहे, त्यामुळे दर काही महिन्यांनी माप बघावं लागेल. शाळेचा बूट त्या पायाला एक नंबर मोठा लागेल.

जेवायला खाली बसत असाल तर तिला काही महिने खुर्ची द्या. मांडी घालून किंवा उकिडवं फार वेळ बसलं की हीच नस दबते. पायावर पाय टाकून बसायची सवय असेल तर तीही सोडवा.

आणि भाजणं. हे पुन्हा पुन्हा सांगते, कारण माझ्याकडे अशी मुलं नसेसाठी नाही, जखमेसाठी येतात. ज्या भागाला कळत नाही तिथे गरम पाण्याची पिशवी, तापलेली वीट, वाळूचा शेक, काही काही नको. आणखी एक म्हणजे दुचाकीचा सायलेन्सर. मागे बसलेल्या मुलीचा उजवा पाय नेमका तिथे लागतो, आणि नेमका तोच पाय दुखावलेला आहे. सुन्न भागाला लागला तर तिला चटका कळणारही नाही. गाडीवर नेताना लांब पँट आणि बूट असू द्या. देवळात किंवा उन्हातल्या फरशीवर अनवाणी चालू देऊ नका.

तेल मी सासूबाईंसाठी म्हटलं होतं. रोज रात्री त्यांनी नातीच्या पायाला हलक्या हाताने तेल लावावं आणि लावताना तळवा, टाच, बोटांच्या बेचक्या उजेडात नीट बघाव्यात. लाल चट्टा, फोड, खिळा रुतलेला, काहीही दिसलं तर लगेच सांगायचं. हे काम आजीइतकं मन लावून घरात दुसरं कुणी करणार नाही. नस बसवणाऱ्याकडे मात्र मुलीला पाठवू नका. नस जागेवरून हललेलीच नाही, तर तो बसवणार काय? आणि धोका नुसत्या पैशांचा नाही. त्या जांघेतल्या शिरेत आठ दिवस जाड नळी होती. अशा शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते आणि ती कळेलच असं नाही. जोरात रगडलेल्या पायातली गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतेल. पाय सुजत असेल, दुसऱ्यापेक्षा जाड दिसत असेल, तर आधी शिरांची डॉपलर तपासणी (रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी) करून घ्या. अचानक दम लागला तर घरी थांबू नका.

डॉपलर करताना धमनीचीही करा. मोठी धमनी अरुंद झाली असेल तर वाढत्या वयात तो पाय दुसऱ्यापेक्षा थोडा आखूड राहू शकतो, नाहीतर चालताना पोटरी भरून येते. वर्षातून एकदा दोन्ही पायांची लांबी मोजणं, एवढं पुरे.

रात्रीची जळजळ ही नसेची वेदना आहे. तापाची, अंगदुखीची गोळी तिच्यावर चालत नाही, म्हणून ती गोळी देऊन रडणं थांबणार नाही. गॅबापेंटिनसारखी वेगळी औषधं असतात. वजनाप्रमाणे कमी डोसने सुरू करून डॉक्टर ती वाढवतात, आणि मनाने एकदम बंद करायची नसतात. तिच्या हृदयाच्या औषधांची चिठ्ठी दाखवूनच घ्या. मुंग्या आणि करंट येणं कधी कधी नस वाढत असल्याची खूण असते, पण दर वेळी नाही, म्हणून त्यावरून अंदाज बांधू नका. रात्री रडण्याचं कारण सगळंच पायात नसेल, हेही ध्यानात ठेवा. आयसीयूतून आलेल्या मुलांना यंत्रांचे आवाज, अर्धवट आठवणी बरेच महिने छळतात. ती दिवा लावून झोपायला मागत असेल तर लावू द्या, आणि आयसीयूबद्दल बोलायला लागली तर “जाऊ दे, आता कशाला आठवतेस” म्हणून विषय बंद करू नका.

हे सगळं करूनही पाऊल नाहीच आलं तर? तरीही ती चालेल, आणि चांगली चालेल. पाऊल आत वळवणारा स्नायू शाबूत असेल, तर त्याची दोरी पुढे आणून पाऊल उचलायला लावण्याची शस्त्रक्रिया आहे. आपल्या देशात ती फार जुनी आणि सरावाची आहे, कारण कुष्ठरोगात हीच नस याच उंचवट्यापाशी बिघडते. आपल्याकडच्या सर्जननी अशा पडलेल्या पावलांवर कितीतरी वर्षं ही शस्त्रक्रिया केली आहे. सुन्न तळव्यांसाठी मऊ रबराच्या चपलाही त्याच कामातून आल्या. सहसा वर्ष-दीड वर्ष वाट बघून, नस येत नाही हे नक्की झाल्यावर हे करतात. त्यासाठीही घोटा मोकळा लागतो, म्हणून पंचा सोडू नका.

आता केस. गुंतागुंत झाली म्हणजे हलगर्जी झालीच असं नाही, आणि गुंतागुंत ‘होतच असते’ म्हणजे हलगर्जी झाली नाही असंही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात जी कसोटी दिली ती साधारण अशी: त्या कामात वाजवी कौशल्याचा डॉक्टर जी काळजी घेतो ती घेतली होती का. तुमच्या बाबतीत विचारायचे प्रश्न नस कापली का हे नाहीत. विचारायचं ते असं: खाली रक्त पाठवणारी बारीक नळी पहिल्याच दिवशी का घातली नव्हती, किंवा घालणं शक्य नव्हतं का? पायाची नाडी किती वेळाने बघितली जात होती आणि ते नर्सिंगच्या तक्त्यावर लिहिलंय का? पाऊल गार पडल्याचं कधी टिपलं आणि नळी कधी घातली, मध्ये किती तास गेले? गुडघ्याखाली मऊ आधार ठेवल्याची, पायाची स्थिती बदलल्याची नोंद आहे का? या प्रश्नांची उत्तरं फाईलमध्ये असतात. लेखी अर्ज करा. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे अर्जानंतर ७२ तासांत कागद द्यावे लागतात. ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत आहे, त्यामुळे उद्याच वकील गाठायची घाई नाही. आधी ज्या डॉक्टरांनी तिला सांभाळलं त्यांना वेळ मागून भेटा आणि हेच प्रश्न शांतपणे विचारा. सरळ उत्तरं मिळतात की टोलवाटोलवी होते, त्यावर पुढचं ठरवा. आणि या भेटीसाठी पायाची तपासणी थांबवू नका. दोन्ही कामं वेगवेगळी आहेत.

तुमच्या सहीबद्दल. त्या रात्री तुम्ही फॉर्म नीट वाचला असता, त्यात ‘पायाला इजा होऊ शकते’ हे वाक्य तुम्हाला दिसलं असतं, तरी तुम्ही सहीच केली असती. कुणीही केली असती. हृदय पंप करत नसलेल्या मुलीसमोर पायाचा विचार करायला जागा नसते. तुम्हाला नीट समजावून सांगण्याची जबाबदारी त्यांची होती, आणि ती त्यांनी किती पाळली हा प्रश्न त्यांना विचारा, स्वतःला नको.

जाता जाता, ज्यांची बाळं जन्मल्यावर लगेच एक्मोवर होती अशा आईवडिलांसाठी. तिथे नळ्या मानेतून घातलेल्या असतात आणि त्या रक्तवाहिन्यांच्या मधोमध आवाजाची नस ज्या मोठ्या नसेतून निघते ती असते. बाळाचं रडणं घोगरं किंवा अगदी बारीक असेल, दूध पिताना ठसका लागत असेल, तर ‘नळीमुळे घसा बसलाय’ म्हणून सोडून देऊ नका; कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने स्वरयंत्र बघून घ्या. कानांची तपासणी डिस्चार्जला नीट आली तरी पुन्हा करावी लागते, कारण या बाळांमध्ये बहिरेपणा उशिराही दिसतो. बोलणं सुरू व्हायच्या वयात एकदा आणि बालवाडीत घालायच्या आधी एकदा तरी ती करून घ्या.